मावशींच्या जबाबासाठी एक शब्द

दि. ३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं यंत्र डबीत ठेवून तू लोकांशी बोलतेस हे वाचून तुझी भावजय पोट धरून हसली. ते यंत्र कानात घालायचं असतं, ताई. तू ते घालेपर्यंत फोनवर माझं निम्मं बोलणं वाऱ्यावर जाणार, म्हणून हा कागद. माझा गुडघा ठीक आहे, जिना चढताना तेवढा कुरकुरतो.

आता कामाचं. आमच्या कारखान्यात कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर आहे, तुला माहीतच आहे. गेल्या महिन्यात तिथलं तीन वर्षांचं पोर मागच्या फाटकातून बाहेर पडलं आणि दोन तासांनी चौकातल्या सायकलवाल्याच्या दुकानात सापडलं. केसालाही धक्का नाही, हवा भरायचा पंप मांडीवर घेऊन मजेत बसलं होतं. पण चौकशी व्हायची ती झालीच. तिघा अधिकाऱ्यांनी पाळणाघराच्या मावशींना आळीपाळीने बोलावून विचारलं. वरच्या ऑफिसला अहवाल इंग्रजीत लागतो, आणि इंग्रजी म्हटलं की हेडक्लार्कच्या, म्हणजे माझ्या गळ्यात.

अडलंय एका शब्दापाशी. मावशी एकदा म्हणतात दार बंद होतं, एकदा म्हणतात उघडं होतं, आणि पुढे विचारलं की गप्प बसतात. मी ‘कॉन्ट्रॅडिक्टरी’ लिहिलं, तर मॅनेजरसाहेब म्हणाले फार पुळचट आहे. त्यांना उलटसुलट बोलणं आणि टाळाटाळ, दोन्ही एकाच शब्दात हवंय. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बहीण असताना मी डिक्शनरी कशाला उघडू? गुरुवारच्या आत कळव.

तुझ्या रागासकट सगळ्या लोभाचा धनी,
धाकटा

दि. ६ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

निवृत्त झाल्यापासून मला कुणी शब्द विचारला नव्हता. लोक विचारतात ते गुडघे आणि रक्तदाब. तुझं पत्र वाचून चहा गार झाला तरी मी उठले नाही.

हे बघ. उत्तर नुसतं धूसर असेल तर ‘व्हेग’. आजचं कालच्याशी जुळत नसेल तर ‘इनकन्सिस्टन्ट’. माणूस प्रश्नाला बगल देत असेल तर ‘इव्हेसिव्ह’. हा चांगला शब्द आहे, पण साहेबांना हवा तेवढा खमका नाही. तुला पाहिजे तो ‘प्रिव्हॅरिकेट’. खरं लपवायचं म्हणून फिरवाफिरवी करणं, थेट खोटं न बोलता खोट्याच्या अंगणात वावरणं. लिही, ‘द विटनेस प्रिव्हॅरिकेटेड.’ तीन शब्दांत काम फत्ते. माझ्या वर्गात दहा वर्षांत एकाच मुलीला या शब्दाचं स्पेलिंग आलं होतं. तुला येणार नाही, म्हणून खाली मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय.

साहेबांनी कौतुक केलं तर शब्द कुणाचा ते सांग.

तुझ्या भल्याची आणि स्पेलिंगची काळजी असणारी,
ताई

दि. १४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा शब्द जोरात चालला. साहेबांनी दोनदा मोठ्याने वाचला आणि वरच्या ऑफिसमधूनही अहवाल छान उतरल्याचा फोन आला. मावशींना कामावरून कमी केलं. बाकी सगळं नेहमीसारखं. बाहेरच्या खोलीला रंग लावायला घेतलाय, त्यामुळे आम्ही सगळे स्वयंपाकघरात कोंबून बसतो. नवे बूट चावतात. तुझी भावजय म्हणते, मापाचे घेतले असते तर चावले नसते.

घाईत आहे. आशीर्वाद असू दे.

धाकटा

दि. १८ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

रंगाला दोन ओळी, बुटांना दोन आणि एका बाईची नोकरी गेली त्याला अर्धी. असं पत्र मला तू आजवर लिहिलं नव्हतंस.

या मावशी म्हणजे तुझ्या छकुलीला लहानपणी सांभाळणाऱ्याच ना? छकुलीला गोवर झाला तेव्हा रोज संध्याकाळी घरी येऊन तिच्या उशाशी बसायच्या त्या? मला त्यांचा चेहरा आठवतोय, कपाळावर आडवा व्रण होता. त्या बाईसाठी मी तुला शब्द पुरवला, आणि तो कुणासाठी हवाय हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

तीनच गोष्टी विचारते, क्रमाने उत्तर दे. त्यांना नेमकं काय विचारलं होतं? त्या गप्प बसल्या ते कोणत्या प्रश्नाला? आणि पोर बाहेर गेलं तेव्हा तू कुठे होतास?

उत्तराची वाट बघणारी,
ताई

दि. २५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू उगाच जिवाला लावून घेतेस. विचारलं ते नेहमीचंच, दार, वेळ, मुलांची संख्या वगैरे. सगळं आता आठवत नाही. कागद माझ्याकडे नाहीत. निर्णय कमिटीचा, मी आपला लिहिणारा. दुसऱ्याने सांगायचं आणि आपण उतरवायचं, यात माझा काय दोष?

मी त्या दिवशी मागच्या फाटकाकडे फिरकलोही नाही. सकाळपासून मान वर करायला फुरसत नव्हती. कागदाचे गठ्ठे घेऊन ट्रक आला होता, तो उतरवून घेण्यातच अकरा वाजले.

मावशी गप्प का बसल्या ते त्यांनाच ठाऊक. समोर बसून रुमालाला पीळ घालत होत्या नुसत्या. मलाही वाईट वाटलं, मी काही दगड नाही. पण जबाबाचे कागद कपाटात लावून टाकलेत, आता तो विषय उकरून काय मिळणार? तुझं यंत्र डबीतून कानात गेलं का?

कळावे.
धाकटा

दि. २९ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र तुलाच परत पाठवतेय. लाल पेन अजून होतं घरात. पहिल्या परिच्छेदात कागद तुझ्याकडे नाहीत, शेवटच्यात ते तू कपाटात लावलेस. फाटकाकडे फिरकला नाहीस आणि ट्रक उतरवून घेतलास. तुमच्या कारखान्यात ट्रक कोणत्या फाटकातून येतो रे? मी आले होते तेव्हा तूच मला मागचं फाटक दाखवलं होतंस, पुढच्या बोळातून हातगाडीसुद्धा जात नाही म्हणून. माझ्या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर दिलं नाहीस. या वेळी मला शब्द शोधावा लागला नाही.

पण रागावू कशी? शब्द तर मीच दिला, आणि स्वतःची पाठ थोपटत दिला. ‘खोट्याच्या अंगणात वावरणं’ असं लिहिताना मला फार मजा आली होती, ती आठवली की अंगावर काटा येतो. तीस वर्षं मुलांना सांगत आले, शब्द लिहिण्याआधी वाक्य कुणाबद्दल आहे ते बघा. स्वतःवर वेळ आली तेव्हा शब्द फेकून मोकळी झाले. माझी मलाच लाज वाटते.

आता प्रश्नांसकट सगळं लिही. लहानपणी काच फोडलीस की माझ्या मागे येऊन उभा राहायचास, तसाच ये. मी ओरडेन, पण हाकलणार नाही.

ताई

दि. ८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चार कागद फाडले, हा पाचवा.

आमच्याकडे जबाब लिहायची एक रीत आहे. प्रश्न गाळायचे आणि उत्तरं सलग लिहायची, म्हणजे अहवाल आटोपशीर होतो. मी वर्षानुवर्षं तसंच करत आलोय. पहिल्या अधिकाऱ्याने पाळणाघराच्या खोलीचं दार विचारलं, मावशी म्हणाल्या बंद होतं. पोरं झोपली की त्या नुसतं लोटून घेतात, कडी लावत नाहीत, कारण आत मुलं असताना कडी लावायची नाही असा नियमच आहे. दुसऱ्याने मागचं फाटक विचारलं, त्या म्हणाल्या उघडं होतं. दोन्ही खरं. मी प्रश्न गाळले आणि फाटकाचंही ‘दार’ करून टाकलं. बंद होतं, उघडं होतं, एकाखाली एक. ती फिरवाफिरवी त्यांच्या तोंडची नव्हती, माझ्या पेनातली होती.

तिसऱ्याने विचारलं, फाटकाची किल्ली त्या दिवशी कुणी नेली होती. त्या प्रश्नाला त्या गप्प बसल्या. गप्प बसून माझ्याकडे बघत राहिल्या. मी समोरच लिहायला बसलो होतो.

किल्ली मी नेली होती, ताई. ट्रक आत घेतला, उतरवून घेतला, बाहेर काढला, आणि फोन आला म्हणून फाटक तसंच टाकून वर गेलो. त्यांनी मला बोलायला वाव दिला. मी मान खाली घालून लिहिलं, ‘साक्षीदाराने उत्तर देण्याचे टाळले.’ घरी येऊन तुला शब्द विचारला. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. तुझ्या भावजयीलाही परवापर्यंत सांगितलं नव्हतं. ती ताट उचलून आत गेली.

परवा सगळं कागदावर लिहून साहेबांना दिलं, प्रश्नांसकट, सही करून. त्यांनी वाचलं आणि खणात टाकलं. म्हणून काल तेच वरच्या ऑफिसला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. माझं काय व्हायचं ते होवो. मावशींना परत घेतील का, हे मला सांगता येत नाही. पोस्टातून तसाच त्यांच्या घरी गेलो.

एकच खोली आहे, खिडकीशी शिवणयंत्र. मुलगी नर्सिंगला आहे, इंग्रजी वाचते. कामावरून काढल्याच्या पत्रात तो शब्द होता. तिने डिक्शनरीत अर्थ काढला आणि आईला विचारलं, तू खोटं का बोललीस? तेव्हापासून दोघींचं कामापुरतंच बोलणं होतं. मी त्या मुलीसमोर सगळं सांगितलं. तुझा नव्हे, माझा शब्द म्हणून सांगितला. ती उठून आईजवळ जाऊन बसली आणि माझ्याकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

मावशी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं. मी विचारलं, मावशी, इंग्रजी जबाबावर सही करताना आत काय आहे ते मला का नाही विचारलंत? त्या म्हणाल्या, चारचौघांसमोर तुम्हाला बोलायला जड गेलं हे मला दिसत होतं, किल्लीचं तुम्ही कागदात लिहिलंच असेल म्हणून मी सही केली.

तुझी लाज मला दे, ती माझीच आहे. लोभ राहू द्यायचा की नाही, ते तू ठरव.

धाकटा