पातेल्याची कल्हई

अव्वा, आज सुनेनं पितळेचं पातेलं घासायला काढलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आतून वीटकर लावू नको, कल्हई जाते. नुसती राख घे." बोल तुझेच होते. तांब्याला चिंच, कंदिलाच्या काचेला कोरडी राख, लाकडी पाटाला तेलाचा बोळा, फरशीला सोड्याचं पाणी. तू शिकवलेलं सगळं माझ्या हातात राहिलंय.

प्लेगात धाकटा भाऊ गेला तेव्हा आपण गावाबाहेर माळावरच्या झोपडीत होतो. साथ ओसरली, सोलापुरात घरी परतलो आणि तू घासायला बसलीस. भिंतींना चुना झाला, घोंगड्या उन्हात पडल्या, फरशी दिवसभर ओली राहू लागली. भांडी मात्र तुला स्वच्छ वाटेचनात. मला वीटकरीवरून रागावणारी तू विटेचा चुरा घेऊन पातेलं आतून घासत होतीस. अप्पा म्हणाले, "अगं, झालं की आता." तू मान वर केली नाहीस. "अजून वास येतोय," एवढंच बोललीस.

मग एका दुपारी जेवण झालं आणि अप्पा नि मी ओकायला लागलो. तू दाराशी भिंतीला टेकून बसली आहेस. जवळ येत नाहीस, रडतही नाहीस. अप्पा गाठ आली का म्हणून स्वतःची काख चाचपून बघताहेत. त्यांचं बघून मीही चाचपते. तुझी धाकटी बहीण, अक्कलकोटची मावशी, तेव्हा आपल्याकडे होती. तिनं पातेलं उजेडात धरलं. आतलं पितळ उघडं पडलं होतं, चिंचेच्या आमटीला कडेनं हिरवट रंग चढला होता. "अक्का, प्लेग न्हाय ह्यो. कल्हई उडालीय, आमटी कळकलीय." तू उठून ते पातेलं ओढलंस आणि पुन्हा चुरा घेतलास. तिनं तुझी मनगटं धरली आणि कानडीत म्हणाली, "साकु, अक्का. साकु. पुरे कर आता."

आम्ही बरे झालो. भांड्यांना कल्हई झाली, घासणं माझ्याकडे आलं. तू सावरलीस, असं सगळे म्हणायचे. पण माझं लग्न होईपर्यंत, माझ्या कपाळाला हात लावून बघितल्याशिवाय तू कधी झोपली नाहीस.

धाकट्याविषयी तू पुन्हा बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून लिहिते. त्या आमटीचा रंग मला अजून आठवतो, अव्वा. त्याचं तोंड आठवत नाही.