तुझ्या कंपनीची मालकीण

प्रिय ठमाबाई,

आधी बातमी सांगते, मग पोट धरून हस. तुझी आई शेअर घ्यायला लागली आहे. हो, झोपण्याआधी गॅस बंद आहे ना हे तीनदा बघणारी, तीच आई! खालच्या मजल्यावरचे बँकवाले काका निवृत्त झाल्यापासून कुणाला तरी शिकवायला टपलेलेच होते. शिवलेले पडदे द्यायला त्यांच्याकडे गेले आणि आयतीच तावडीत सापडले. त्यांनी खातं उघडून दिलं, मोबाइलवर भाव बघायला शिकवलं आणि दम भरला: थोडेथोडे घ्यायचे, वेगवेगळ्या कंपन्यांचे घ्यायचे, ऊठसूट भाव बघायचा नाही आणि कुठल्याही शेअरच्या प्रेमात पडायचं नाही.

सुरुवातीला मी शहाण्यासारखी वागले. एक साबणाची कंपनी घेतली, एक बिस्किटांची. मग यादी खाली सरकवताना तुझ्या पंख्यांच्या कंपनीचं नाव दिसलं आणि बोट तिथेच अडकलं! तेव्हापासून पडद्यांच्या शिलाईतून उरेल ते तिथेच जातं. काका डोक्याला हात लावतात. सगळं ओझं एकाच खुंटीला टांगू नका म्हणतात. मी मान डोलावते आणि पुन्हा पंखेच घेते.

खरी गंमत पुढेच आहे. तू फोनवर ‘बरी आहे, नंतर बोलते’ एवढंच म्हणतेस. तुझी कंपनी मात्र सकाळपासून दुपारपर्यंत माझ्याशी बोलत असते. भाव चढला की वाटतं, आज ठमी वेळेवर जेवली असणार. पडला की वाटतं, साहेब ओरडले वाटतं पोरीला. मागच्या महिन्यात तो धाडकन आपटला आणि नेमका तू दोन दिवस फोन उचलला नाहीस. माझा जीव टांगणीला! एक अख्खा पडदा उलटा शिवून ठेवला. शेवटी काकांनी समजावलं की तांबं महागलंय, पंख्यांच्या मोटारीत तांब्याची तार लागते, म्हणून भाव पडला. हुश्श केलं. पोर धडधाकट आहे, महागलंय ते तांबं. पुढे भाव चांगला वर आला तेव्हा काका म्हणाले, विकून मोकळ्या व्हा, नफा पदरात पाडून घ्या. नाही विकले. विकून रोजची तुझी खबर कुठून आणू ग?

मशीन आता तुझ्या खोलीत खिडकीशी घेतलंय, पण पलंग हलवला नाही. चादर बदलते, उगाचच. तू शेवटची घरी आलीस त्याला हे तिसरं वर्ष. तक्रार नाही, काम आहे तुला, माहीत आहे. मीच तिकडे येते म्हटलं तर म्हणालीस, नको, मी दिवसभर ऑफिसात, तू एकटी खोलीत काय करशील. तेही खरंच. पण आठवण येते ग. खूप येते. आडवळणाने लिहायला मला जमत नाही, म्हणून सरळ लिहिलं.

तर, गेल्या आठवड्यात तुझ्या कंपनीचं पाकीट आलं, चक्क माझ्या नावाने, ‘सन्माननीय भागधारक’ म्हणून! पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे, तुझ्याच ऑफिसच्या तळमजल्यावरच्या सभागृहात. काका म्हणतात, एवढ्याशा शेअरसाठी कुणी जात नाही, घरबसल्या मोबाइलवर दिसते सभा. म्हटलं, मला काय पंखे बघायचेत? तिकीट काढलंय. तुला रजा नको, स्टेशनवर यायला नको, खोलीत माझी सोय करायला नको. संध्याकाळच्या गाडीने परत निघेन. पण सभेत भागधारकांना उभं राहून प्रश्न विचारता येतो म्हणे. माझा एकच आहे: आमची मुलगी घरी कधी पाठवता? तो साहेबांना सगळ्यांसमोर विचारू, की तू जिना उतरून खाली येतेस, ते तुझं तू ठरव.

वाटेकडे डोळे लावून बसलेली तुझीच,
आई