भुजाडेकाकांचं हँडल

डिसेंबर, रविवार संध्याकाळ

सायकलने एकटी सांचीला जाऊन आले. बोटं एकदाही बधिर झाली नाहीत! मागे भोजपूरहून परतले तेव्हा साधी बटणं लावता येत नव्हती. सायकल विकायलाच काढली होती मी.

तेव्हा शेजारच्या भुजाडेकाकांनी नुसतं हँडलवर वजन टाकून पाहिलं. कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर ते. म्हणाले, "लई जाड आहे पोरी, जरा पण लवत नाही. खड्ड्याचा सगळा दणका तुझ्या हातात." दुसऱ्या दिवशी पातळ नळीचं जुनं पोलादी हँडल आणून बसवून दिलं. लवतं ते केसभरच, पण बोटांना तेवढं पुरतं. त्यांना हे नुसत्या हाताने कसं कळलं? मी रोज कारखान्याची ड्रॉइंग काढते, मला का नाही कळलं?

आल्या आल्या पेढे घेऊन काकांकडे गेले. व्हरांड्यात काकांची सायकल भिंतीला टेकलेली, बिनहँडलची. मी समजत होते, मला दिलेलं हँडल अडगळीतलं असेल.

"काका, तुमच्या सायकलचं काढलंत?"

"माझे गुडघे गेले आता. ते तरी फिरू दे."

मग मला बसवून घेऊन त्यांनी सांचीचा सगळा रस्ता विचारला, एकेक चढ.