चुकते करणारे आणि चुकवणारे

मी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, व्यवसाय मुद्रितशोधन (छापण्याआधी चुका मी काढायच्या, छापल्यावर लोक काढतात), हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती तर नको इतकी. आयुष्यात दडपणाखाली एकदाच सही केली. आजची सही राजीखुशीची आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. दोन खोल्यांचे राहते घर, भांड्याकुंड्यांसह, माझ्या भाचीस, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीस द्यावे. स्वयंपाकघराची खिडकी नीट लागत नाही, फटीत कागदाची घडी घालावी. बापाला तिथे राहायला बोलवायचे की नाही, हे तिने ठरवावे.

२. बँकेतली शिल्लकही तिचीच. कर पगारातून दरमहा कापून जायचा, त्यामुळे तो चुकवण्याची अक्कल मला कधी आलीच नाही.

३. पाने सुटलेला माझा शब्दकोश खाली उल्लेखलेल्या खजिनदारास पोस्टाने पाठवावा. 'च'च्या पानावर खूण घातली आहे. तिकिटांचा खर्च माझ्या पैशांतून करावा, उगाच त्यांचा उपकार नको.

४. भावाच्या छापखान्यात मी सव्वीस वर्षे मुद्रिते तपासली. निवडणूक आली की तिन्ही पक्षांचे जाहीरनामे माझ्याच टेबलावर यायचे. करचुकवेगिरीवर पहिल्याची भूमिका 'कठोर कारवाई', दुसऱ्याची 'बड्या माशांना जाळ्यात', तिसऱ्याची 'पळवाटा बंद'. तिघांच्या छपाईचे पैसे देणारा सिमेंटवाला मात्र एकच. पळसाला पाने तीनच.

एका वर्षी पहिल्या पक्षाच्या हस्तलिखितात वाक्य आले : 'नियमित कर चुकवणाऱ्यांना सूट देऊ.' मी समासात लिहिले, "'चुकता करणाऱ्यांना' हवे." पक्षाच्या खजिनदारांना फोनही केला.

"बाई, साहेबांनी तपासलंय सगळं. तुम्ही काना-मात्रा बघा, धोरण आम्ही बघतो."

तसेच छापले गेले. दुसऱ्या पक्षाने सभांमधून ते वाक्य वाचून हशा पिकवला, आणि पहिल्याला खापर फोडायला डोके हवे झाले. भाऊ कोरा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"ताई, 'चूक माझी' म्हणून लिहून दे. घरातलं घरात राहील, छापखाना वाचेल."

"आणि माझं नाव?"

"तुला बाहेर कोण ओळखतं?"

मी सही केली. समासात माझी दुरुस्ती असलेले हस्तलिखिताचे पान त्याने माझ्यादेखत फाडले आणि महिनाअखेर मला घरी बसवले. त्यानंतर मात्र बाहेर सगळे ओळखू लागले. शहरातल्या एकाही छापखान्याने 'चूकबाई'ला काम दिले नाही. ते मला लागले, अजून लागते.

पक्ष निवडून आला आणि वर्षभरात त्याने अभय योजना आणली. कर बुडवणाऱ्यांना दंड माफ, व्याज माफ. वेळेवर भरणाऱ्यांना आभाराचे पत्र. दुसरा पक्ष सभागृहात घसा बसेपर्यंत ओरडला, सत्तेवर आल्यावर त्याने योजनेला दोनदा मुदतवाढ दिली. तिसरा दोन्ही वेळा सरकारात होता. पहिल्याच यादीत माझ्या भावाचा अर्ज होता. म्हणजे जाहीरनाम्यातले जे एकच वाक्य त्यांनी पाळले, तेच चूक होते म्हणून माझ्याकडून लिहून घेतले.

५. धाकट्या भावास काहीही नाही. रागाने नव्हे असे लिहिणार होते, पण रागानेच. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. त्याला काही मिळत नाही, तेव्हा साक्षीदार तोच हवा. आत्याच्या चुकीमुळे छापखाना बुडणार होता, असे भाची लहानपणापासून ऐकत आली आहे. ते पान आता नाही, घरात खरे जाणणारा तो एकटा उरला आहे. त्याने सहीपूर्वी कलम चार मुलीसमोर मोठ्याने वाचावे. मला माफी नको, एवढेच हवे.

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : १४ मार्च, बुधवार
मृत्युपत्र करणारीची सही : (सही)

साक्षीदार पहिला, धाकटा भाऊ : (सही)
ताईने सही माझ्यासमोर केली, इतकेच. मजकूर वाचलेला नाही.

साक्षीदार दुसरे, तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर : (सही)
बाईंनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. वरील गृहस्थांनी मजकूर दोनदा वाचला, मनातल्या मनात. त्याआधी मुलीला खोलीबाहेर पाठवले.