डावीकडच्या सावल्या

३ मार्च, सोमवार

लेकीने आज मला शिकवलं की निर्मुख सावल्या खातो. मला! ज्या मालिकेतल्या सावल्या गेली तीन वर्षं मी रंगवतेय, त्या मालिकेबद्दल!

जेवताना फोन माझ्या नाकासमोर धरला. "आई, हे बघ. तो दारातून आत येतो आणि इकडे पाणक्याची सावली गायब. आठ फ्रेम्स. मग परत येते. याचा अर्थ काय?" मी म्हटलं, याचा अर्थ तुझं जेवण गार होतंय.

निर्मुख म्हणजे आमचा खलनायक. तोंड नाही, बोलत नाही. तिसरा सीझन संपत आला तरी त्याची शक्ती नक्की कोणती, हे कोणी सांगितलेलं नाही. लिहिणाऱ्यांना तरी ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. त्यामुळे बाहेर नुसता तर्कांचा बाजार. कोणी म्हणतं तो काळ थांबवतो, कोणी म्हणतं तो केव्हाच मेलाय. चाहत्यांच्या त्या गटात लेक 'चिचुंद्री' नावाने लिहिते आणि तिथे म्हणे तिच्या शब्दाला फार वजन. घरात एक कप विसळत नाही.

पाणक्याची सावली मी दिली होती. दिलीच होती.

४ मार्च

नव्हती दिली.

स्टुडिओत गेल्या गेल्या तो प्रसंग उघडला. आधी काहीच वेगळं वाटलं नाही. मग चित्र मोठं करून, पाणक्याच्या पायाशी बोट ठेवून बघितलं. जमीन कोरी. सलग आठ फ्रेम्स कोरी!

आमच्याकडे पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमची सावली आमचे विभागप्रमुख देतात, मधल्या सगळ्या माझ्या. तपासणारे भिंगकाकाही पहिली आणि शेवटचीच बघतात. मधल्या बघायचं त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोडलं. "बाईंच्या फ्रेम्स बघणं म्हणजे वेळ फुकट घालवणं," असं सगळ्यांसमोर म्हणाले होते. किती दिवस मिरवलं होतं मी ते!

कोणाला बोलले नाही. गाढवपणा झाला, संपलं.

९ मार्च, रविवार

संपलं कसलं! चिचुंद्रीची यादी सव्वीसवर गेलीय. पाणक्या, राणीची दासी, लंगडं कुत्रं, पुलावरचा पहारेकरी, एक अख्खं झाड. लेक शाळेच्या अभ्यासाला कधी बसली नसेल एवढ्या चिकाटीने एकेक फ्रेम थांबवून बसते. खाली लोकांचे शेरे – 'काय बारकाईने पेरलंय बनवणाऱ्यांनी!'

वाचून पोट धरून हसले. मग हसू थांबलं. सव्वीस चुका. सगळ्या माझ्या.

मधल्या दाराची चौकट परत खांद्याला लागली. या महिन्यात चौथ्यांदा. हे म्हणाले, "अगं, वीस वर्षं दार तिथेच आहे." फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाने बायकोला टोमणे मारू नयेत.

१० मार्च

ह्यांनी विचारलं, भात का टाकलास? मी म्हटलं, सगळा संपवलाय! ताट फिरवून दाखवलं त्यांनी. अर्धा भात. त्यावरून भांडण.

१४ मार्च, शुक्रवार

दिग्दर्शकांनी सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर मोठ्या पडद्यावर चिचुंद्रीची यादी! आता नोकरी जाते, हे नक्की.

कोणी काही बोलायच्या आत भिंगकाका उभे राहिले. "चूक माझी. माझ्या नजरेतून सुटलं." निवृत्तीला वर्ष राहिलेला माणूस! मी मान खाली घालून बसून राहिले. उठले नाही. लिहितानाही लाज वाटतेय.

आणि दिग्दर्शक हसायलाच लागले. "चूक कसली, काका! सोनं आहे हे! निर्मुखाला तीन सीझन शक्ती सापडत नव्हती, ती ही घ्या. शेवटच्या भागात हेच दाखवायचं. कोणी केलंय?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. टाळ्या पडल्या. चुकांसाठी टाळ्या घेतल्या मी, आणि हसलेसुद्धा.

निघताना काकांनी जिन्यात गाठलं. "बाई, मुद्दाम नाही ना केलंत?"

"नाही."

"मग डोळे दाखवून या."

मी म्हटलं, तुम्ही तुमचं भिंग सांभाळा. असं बोलायला नको होतं.

१६ मार्च, रविवार

चिचुंद्रीचा नवा लेख. निर्मुखाच्या शक्तीचे चार नियम. तिसरा जसाच्या तसा उतरवते –

'तो फक्त चित्राच्या डाव्या बाजूच्या सावल्या खातो. एकतीसपैकी एकतीस डावीकडच्या. उजवीकडची एकही नाही.'

खांदा कुठला काळानिळा झालाय? डावा. भात ताटात कुठे उरला होता? डावीकडे.

मग ही वही मागे उलटत गेले. डिसेंबरात माझ्या ओळी समासापासून सुरू होतात. जानेवारीत दोन बोटं आत. आता अर्धं पान कोरं सोडून. ही ओळसुद्धा. आत्ता मुद्दाम डावीकडून लिहायचं ठरवलं, बोटाने कड चाचपून. तरी इथेच आले.

चौथा नियम – ज्याची सावली गेली, तो सीझन संपेपर्यंत जगत नाही. खाली तिने कवटी काढलीय. डोळा मारणारी.

१८ मार्च

डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, डोळे उत्तम. उत्तम म्हणताना त्याचा चेहरा उतरला होता. पुढे पाठवलंय, यंत्रात.

२१ मार्च, शुक्रवार

गाठ आहे. मेंदूत, उजवीकडे. लिंबाएवढी.

डॉक्टरीण सावकाश बोलत होती, लहान मुलाला सांगावं तशी. डोळ्यांना सगळं दिसतंय, पण डाव्या बाजूची मेंदू दखलच घेत नाही. आणि दखल घेत नाही हेही कळू देत नाही. ऑपरेशन दोन तारखेला. त्यानंतर सूज असेल, थोडे दिवस त्रास वाढेल, घाबरायचं नाही. ह्यांनी माझा हात घट्ट धरला होता. मी विचारलं, सावल्या देता येतील ना परत? ती म्हणाली, "आधी ऑपरेशन तर होऊ द्या."

घराशी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "दार. डावीकडे." आणि मला ते भांडण आठवून रडू फुटलं.

लेकीला सांगायचं नाही, असं मी बजावलंय. परीक्षा होऊ दे तिची.

२३ मार्च

लेक नाचत आली. शेवटच्या भागाची झलक बाहेर पडली – निर्मुख हात उचलतो आणि डाव्या बाजूच्या अख्ख्या गर्दीच्या सावल्या नाहीशा होतात. "आई, माझं खरं ठरलं! एकटीने ओळखलं मी!" गळ्यात पडली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, छान हं.

भित्री मेली.

२८ मार्च

एकही नवी सावली दिली नाही. आजपासून रजा. जागा आवरताना भिंगकाका मदतीला आले. त्यांना मी खरं सांगितलं, जिन्यातल्या बोलण्याची माफीही मागितली. ते म्हणाले, तुमच्या जुन्या फ्रेम्समधल्या सुटलेल्या सावल्या मी रोज थोड्या थोड्या भरतोय. दिग्दर्शकांना नकोत, तरी भरतोय.

३० मार्च, रविवार

सांगितलं. आणखी लांबवता येत नव्हतं, बॅग भरायला काढली होती.

"तुझी ती यादी आहे ना, ती निर्मुखाची नाही. माझी आहे." मग गाठ, ऑपरेशन, सगळं. तिने हातातला फोन उलटा ठेवला. मग म्हणाली, "तुला केव्हापासून माहीत होतं?" तारीख सांगितली. "आणि तू मला नाचू दिलंस? एवढ्या लोकांसमोर?" उठून खोलीत गेली. दार लावलं.

हे म्हणाले, पोर आहे, येईल बाहेर. जेवायला आली नाही.

१ एप्रिल

चिचुंद्रीने सगळे लेख काढून टाकले. चाहते तिला शिव्या घालतायत. माझ्याशी अक्षर बोललेली नाही. उद्या सकाळी सात.

तिचा एवढा आनंद मी मातीत घातला. आणि माझ्याच पोटात इतकी भीती आहे की तिची समजूत घालायला अंगात जोरच उरला नाही.

५ एप्रिल

जिवंत आहे. डोकं दगडासारखं. हे संध्याकाळी येतात, उजव्या हाताशी बसतात, कोणाचा फ्रिज का बिघडला ते सांगतात. लेक आली नाही.

६ एप्रिल

नाही आली. ह्यांना विचारणार नाही. विचारलं तर तिला हाताला धरून ओढत आणतील. तसं यायला नको मला.

डॉक्टरीण कधी उजवीकडून बोलते, कधी कुठून बोलते कळत नाही. दुपारी कोणीतरी बारीक आवाजात रडत होतं. शेजारच्या खाटेवरचं असेल.

७ एप्रिल

आज झोपेत तिचा आवाज आला, "आई, मी चुकले." इतका खरा, की मी डोळे उघडले. समोर रिकामी भिंत. औषधांची गुंगी.

एवढा राग? मेले असते तरी आली नसती का? असं लिहू नये. लिहिलं.

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी नर्स चिडून म्हणाली, "मावशी, मुलीवर एवढा राग बरा नव्हे! डॉक्टरांनी मुद्दाम डाव्या बाजूला बसवलंय तिला, तुम्ही मान वळवायला शिकावं म्हणून. सहा दिवस घरी गेली नाहीये. इतकं बोलते, वडिलांनाही मध्ये पडू देत नाही, आणि तुम्ही ढुंकून बघत नाही."

मग तिनेच माझी हनुवटी धरून मान वळवली. लेकीचे डोळे सुजलेले. माझा डावा हात तिने दोन्ही हातांत धरला होता, केव्हापासून कोण जाणे.