सर म्हणतात त्याप्रमाणे

देवराज मोहल्ला, म्हैसूर
७ जानेवारी १९८६

ती. नरसिंगकाकांस,
वनजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आई-अप्पा खुशाल आहेत. प्रबंधाचं काय झालं असं तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता आणि मी दर वेळी अप्पांच्या खोकल्यावर घसरते. आज टाळत नाही, कारण चांगलीच अडकले आहे.

माझा विषय तुम्हाला ठाऊक आहे. घरी कन्नड, उर्दू किंवा आपल्यासारखी खिचडी मराठी बोलणारी कॉलेजची मुलं इंग्रजीत निबंध लिहिताना स्वतःचं मत कसं मांडतात, ते मी पाहते. पुस्तकं म्हणतात, मांडतच नाहीत, इकडचं तिकडचं उतरवून काढतात. मला तसं दिसलं नाही. ‘मुलींनी नोकरी करावी का’ यावर बेट्टदपुरच्या एका मुलीने आधी आजोबांचं म्हणणं दिलं, मग मामांचं आणि सरतेशेवटी शाळेतल्या बाईंचं. स्वतःचं म्हणून अक्षर नाही. पण शेवटचा शब्द तिने बाईंना दिला, आणि तेच तिचं मत होतं. असे निबंध मला ढिगाने सापडले. मुलांना मत असतं, फक्त ती ते मोठ्यांच्या तोंडून बोलतात.

हे लिहिताना मी वाक्य घातलं, ‘प्रा. व्यासराज म्हणतात त्याप्रमाणे’. व्यासराज म्हणजे माझे मार्गदर्शक. काल त्यांनी बोलावून शांतपणे विचारलं, हे मी कधी म्हणालो? वर्गात म्हणाला असाल, असं मी सांगितलं. त्यांनी आपली जुनी टिपणं चाळली. कुठेच नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की हे कोणीच म्हटलेलं नाही, मलाच सुचलं होतं. सरांच्या पुढे आपण कसं बोलायचं, म्हणून हात आपसूक त्यांच्या नावाकडे गेला.

आता सर म्हणतात, पुढच्या महिन्यात विभागाचं चर्चासत्र आहे, तिथे सगळ्यांसमोर सांगा हे मत कोणाचं ते. त्याशिवाय प्रबंधावर सही नाही. काका, सरांचं मत म्हटलं की कोणी ब्र काढत नाही. माझं म्हटलं तर सोलून काढतील, आणि धारवाडहून येणारे पाहुणे त्यासाठी प्रसिद्धच आहेत. मला खरोखर भीती वाटते. तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलंत, काय करू ते कळवा.

काकूंना सा. न. तुमची माया माझ्यावर आहेच, ती तशीच राहू द्या.

तुमची,
वनजा

* * *

एच. डी. कोटे
१५ जानेवारी १९८६

चि. वनजास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसलो. शिष्याने आपल्याला शहाणपण बहाल केलं म्हणून चिडणारा गुरू मी प्रथमच पाहिला. माझ्या विद्यार्थ्यांनी मला कधी असं काही दिलं नाही, दिल्या त्या फक्त अशुद्ध वह्या.

यात तुझं चुकलं कुठे? आपल्या घराची रीतच ही. तुझ्या काकूचं बघ. तिला काही घडवून आणायचं असलं की शेजारी सांगते, ‘ह्यांचं म्हणणं आहे’. गेल्या वर्षी माझं म्हणणं असं होतं की महिला समाजाने बालवाडी काढावी. मला ते देवळात कळलं, लोक हात हातात घेऊन अभिनंदन करायला लागले तेव्हा. मीही मान डोलावली. बालवाडी उत्तम चालली आहे. कोणाचं काय बिघडलं?

तेव्हा छातीठोकपणे ‘माझं मत’ वगैरे करायच्या भानगडीत पडू नकोस. ‘काही अभ्यासकांचं म्हणणं आहे’ असं मोघम लिही, चर्चासत्रात हात जोड, सरांची माफी माग आणि मोकळी हो. नम्रपणाने कोणाचं नुकसान होत नाही. पस्तिशीच्या आत डॉक्टर व्हायचंय ना तुला?

अप्पांना खोकल्यावर काढा घ्यायला सांग. असाच लोभ ठेवून पत्र धाडत जा.

तुझा,
नरसिंगकाका

* * *

एच. डी. कोटे
१८ जानेवारी १९८६

चि. वनजास,
काकूचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र मी लिहिते आहे, ह्यांना विचारलेलं नाही. अक्षर लावून घे.

बालवाडीची गोष्ट ह्यांनी मला वाचून दाखवली. हसण्यासारखी आहेच, मीही हसले. पण पुढचं ह्यांनी लिहिलं नाही. उद्घाटनाला हार ह्यांच्या गळ्यात पडला. मला वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल. मग जागेवरून भांडण झालं, तेव्हा लोक तणतणत आले तेही ह्यांच्याकडेच. चूक माझी होती, जागा मी ठरवली होती. बिचारे हे, काही माहीत नसताना बोलणी खात बसले, आणि मी आत कॉफी करत होते. मला कौतुक मिळालं नाही याचं सोड. माझ्याशी भांडायलासुद्धा कोणी आलं नाही, याचं मला जास्त लागलं.

ह्यांच्या नावाने माझी सगळी कामं झाली, मी तक्रार करत नाही. आमच्या काळात दुसरा रस्ता नव्हता. तुला आहे, मग तू कशाला त्या वाटेने जातेस? तुझे सर सज्जन आहेत. दुसरा कोणी असता तर गुपचूप ठेवून घेतलं असतं. ते तुझं तुला परत देतात तर घे. अय्यो, भीती वाटायचीच, वाटू दे. पण सुम्ने गप्प बसू नकोस, तोंड उघड.

येताना चपला नीट घालून ये, मागच्या खेपेला अंगठा तुटलेला होता. आई-अप्पांना नमस्कार सांग. लोभ मागायची गरज मला नाही, तो माझा आहेच.

तुझी,
सुमित्राकाकू

* * *

देवराज मोहल्ला, म्हैसूर
२३ फेब्रुवारी १९८६

ती. सुमित्राकाकूंस,
वनजाचा शि. सा. न. वि. वि.

चर्चासत्र काल झालं. हॉल भरला होता, अप्पा दुकान बंद करून मागच्या रांगेत येऊन बसले होते. एक अक्षर कळणार नाही म्हणत होते, तरी आले.

मी वाचत गेले. सरांचं नाव काढून टाकलेल्या त्या वाक्यापाशी येताच धारवाडच्या पाहुण्यांनी हात वर केला. असं कुठल्याही पुस्तकात नाही, हे कोण म्हणतं, असं त्यांनी विचारलं. माझी नजर सवयीने सरांकडे गेली. सर खिडकीबाहेर बघत होते, मुद्दाम. मी म्हटलं, “मी म्हणते, सर.”

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. पाहुण्यांनी चष्मा काढून ठेवला आणि माझ्याशी वाद घालायला बसले. चांगला तासभर. मुलं शेवटचा शब्द आपल्याला पटलेल्या माणसाला देतात हे कशावरून, परीक्षकाला आवडेल त्याला देत नसतील कशावरून, असं त्यांचं म्हणणं. मी बेट्टदपुरच्या मुलीचा निबंध काढला. तिला त्या निबंधाला अगदी कमी मार्क मिळाले होते, तरी पुन्हा लिहिताना तिने बाईंना शेवटच्या जागेवरून हलवलं नव्हतं. हे त्यांनी मान्य केलं. मग त्यांनी माझ्याच गठ्ठ्यातून दुसरे निबंध उपसले, आणि तिथे खरोखर परीक्षकाची खुशामत दिसत होती. ते मला मान्य करावं लागलं. मुख्य मुद्दा टिकला, पण एक अख्खं प्रकरण डळमळीत निघालं.

जाताना त्यांनी निक्षून सांगितलं की त्या प्रकरणात तुमची चूक आहे. व्यासराजांची नाही, तुमची. सर शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याच पेनाने सही केली आणि दुरुस्तीला उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली.

काकांना राग आला असेल तर येऊ द्या, मी त्यांना वेगळं लिहीन. आज पहाटेच दुरुस्तीला बसले आहे. एवढी मोठी चूक, इतक्या लोकांसमोर, आणि ती माझ्या एकटीची. काकू, परीक्षेत विद्यापीठाची रँक आली होती तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

माझं म्हणणं पटलं नाही तर भांडायला जरूर या, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
वनजा