गुडघ्याचं तेल

पुणे, ता. ४ फेब्रुवारी १९३६

चि. सोपानास थोरल्या भावाचा आशीर्वाद.

मुद्दाम पाकीट धाडलंय. कार्ड असतं तर सणसरात आधी चावडीवर वाचलं गेलं असतं. हे आईला वाचून दाखवू नको.

आबा इथं इस्पितळात दोन घास जेवत्यात. लघवीला रबरी नळी घातलीय, त्यामुळं तिथली कळ थांबली. आत गाठ हाय, अन् ती वाईट हाय, असं डॉक्टर म्हणाले. असल्या जागेचं दुखणं बायकोला सांगायची आबांना लाज, म्हणून निघताना त्यांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

आईनं मामांच्या हाती करंजाचं तेल पाठवलं. बाटली भरलेली परत गेली तर तिला कळंल, म्हणून आबा रोज माझ्याकडनं धडधाकट गुडघा चोळून घ्यायचे.

तांबडी गाय व्याली का? आईचा खोकला कसा हाय?

काल डॉक्टर म्हणाले, गाठीचं दुखणं पायाच्या हाडात उतरलंय. तेल संपलं. आईला म्हणावं आणखी पाठव, आबांचा गुडघा लई दुखतोय. एवढं सांगताना तुला आता खोटं बोलावं लागायचं न्हाय.

तुझा दादा,
गेनबा